तेल पचायला वेळ लागतो

आगाशी,
घटस्थापनेच्या आधीचा आठवडा

प्रिय मित्रा,



तू मलेशियाहून पाठवलेला फोटो मिळाला. पामतेलाच्या गिरणीमागचं ते भलंथोरलं तपकिरी तळं, पलीकडे तेलमाडांच्या रांगा, आणि पाण्यावर जिकडेतिकडे बुडबुडे. खाली तू विचारलंयस, ‘हे पाणी उकळतंय का? इथली माणसं म्हणतात, हात घाल, गार आहे.’ उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण तुझ्या त्या एका प्रश्नात माझं सगळं काम येतं, म्हणून कागद घेऊन बसलोय. सावकाश वाच.

तिथली माणसं बरोबर सांगतायत, पाणी उकळत नाहीये. तळाशी, जिथे हवेचा मागमूसही पोचत नाही, तिथे जिवाणू तेल खातायत आणि त्यांनी सोडलेला मिथेन वर येतोय. गिरणीतून निघताना मात्र हे पाणी खरंच कढत असतं, ८०-९० अंशांचं, कारण फळांचे घड वाफेवर शिजवूनच तेल काढतात. एक टन तेलामागे असं अडीच ते साडेतीन टन पाणी उरतं. त्याचा सीओडी लिटरला ५०,००० मिलिग्रॅमच्या घरात. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण पुरती जाळायला किती प्राणवायू लागेल त्याचा आकडा. एवढं ध्यानात ठेव, पुढे लागेल. आपल्या गटारातल्या पाण्याचा तो पाचशेच्या आसपास असतो. शिवाय त्यात चार-सहा हजार मिलिग्रॅम तेल. अशा पाण्याला घाण म्हणावं की इंधन, हा माझा रोजचा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे.

तुझ्याकडचं तेच तेल इथे माझ्याकडे येतं बरं का. जगात पामतेल सगळ्यात जास्त आयात करणारा देश आपलाच, आणि फरसाणवाल्यांची कढई त्याच्याशिवाय तापत नाही. वसई पूर्वेच्या ज्या खाद्यपदार्थांच्या कारखान्याची ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, मी सांभाळतो, तिथे दिवाळी तोंडावर आली की तळणीच्या कढया रात्रंदिवस चालू असतात. पाळी संपली की कढया, झारे, माल वाहणारे पट्टे गरम पाण्याने आणि कॉस्टिकने धुतात. ते सगळं धुवण माझ्या दारात येतं. तू तळ्याकाठी उभा होतास आणि मी इथे डायजेस्टरच्या, म्हणजे बिनहवेच्या बंद टाकीच्या, शिडीवर, पण दोघांसमोरचं दुखणं एकच आहे.

आता हे तेलाचं पाणी दिसतं कसं ते सांगतो. काल सकाळी टाकीतून एक लिटर पाणी काचेच्या सिलिंडरमध्ये घेतलं आणि खिडकीत ठेवलं. पाच-दहा मिनिटांत वर बोटभर पिवळा थर आला. हे मोकळं तेल. ते काढायला फारशी अक्कल लागत नाही. पाणी संथ ठेवायचं आणि वरचा थर ओढून घ्यायचा. तेलशुद्धीकरण कारखान्यांत यासाठी मोठमोठे हौद असतात, दीडशे मायक्रॉनहून मोठे थेंब त्यात वर येतात. आमच्याकडे साधा ऑइल ट्रॅप आहे. पण थराखालचं पाणी बघ. ते दुधाळ, करडं. दुपारी पाहिलं, तसंच. आज सकाळी पाहिलं, तरी तसंच. कॉस्टिकमुळे तेलाचा थोडा साबण होतो आणि तो साबण उरलेल्या तेलाचे इतके बारीक कण करतो की ते वर यायचं नाव घेत नाहीत. मग तुरटी घालायची, दाबाखाली हवा मिसळायची, म्हणजे सूक्ष्म बुडबुडे त्या कणांना चिकटून वर घेऊन येतात. याला आम्ही डॅफ म्हणतो. डॅफमधून निघाल्यावरही पाण्यात तेल राहतंच. तिथून पुढचं काम कुठल्याही यंत्राचं नाही, जिवाणूंचं आहे.

बहुतेक ठिकाणी हे पाणी सरळ हवेच्या टाकीत सोडतात. ब्लोअर लावायचे, फुगे सोडायचे, प्राणवायूवर जगणारे जिवाणू पोसायचे. चालतं, पण तेलाला ते मानवत नाही. फेस टाकीच्या काठावरून बाहेर येतो, गाळाचे पुंजके तेलाने माखून तरंगायला लागतात, खाली बसत नाहीत, आणि ब्लोअरच्या विजेचं बिल बघून मालकाचा चेहरा उतरतो. त्यात खाल्लेल्या सीओडीचा जवळजवळ निम्मा भाग नवीन गाळ होऊन बसतो. तो गाळ सुकवा, भरा, पाठवा, त्याचे पैसे वेगळे. बिनहवेच्या टाकीत गाळ होतो तो साधारण दहावा हिस्सा. बाकीचं गॅस होऊन निघून जातं. एक किलो सीओडी मोडला की सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन, हा हिशेब पक्का. तेल तर यातलं सर्वांत सकस अन्न. एक किलो पिठातून सुमारे ०.४ घनमीटर मिथेन मिळतो, एक किलो तेलातून जवळजवळ पूर्ण घनमीटर. त्यात स्वयंपाकाच्या गॅसच्या पाऊण किलोएवढी उष्णता असते. आमच्याकडे तो गॅस बॉयलरकडे जातो.

तू म्हणशील, मग सगळे हेच का करत नाहीत? कारण हे अन्न सकस आहे तसंच जड आहे.

तेलाचा रेणू फुटला की एक ग्लिसरॉल आणि तीन लांब शेपटीची आम्लं सुटतात: ओलेइक, पामिटिक, स्टिअरिक यांसारखी. हा पहिला टप्पा झटपट होतो. ग्लिसरॉल तर लगेच फस्त होतं. अडकतं ते या लांब आम्लांपाशी. ती दोन-दोन कार्बननं तोडत न्यायची असतात आणि हे काम करणाऱ्या जिवाणूंच्या जाती फार थोड्या आणि फार संथ. सिंट्रोफोमोनास हे त्यातलं एक नाव. या जातीची गंमत अशी की ती एकटी जगू शकत नाही. आम्ल तोडताना ती हायड्रोजन सोडते, आणि आसपास हायड्रोजन जरा साठला तरी तिचं काम ठप्प होतं. तो हायड्रोजन तत्परतेने उचलणारे मिथेनजीवी तिला अगदी अंगाला अंग लावून हवेत. दोघांनाही त्यातून मिळणारी ऊर्जा इतकी थोडी की वाटून घेतल्यावर जेमतेम जगण्यापुरती. म्हणून त्यांची वाढ मंद. हवेतले जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, इथे दिवसांची गोष्ट. असं एखाद्याच्या आधाराने जगणं ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांच्याकडून कारखान्याच्या वेगाने काम मागायचं, यात सगळी अडचण आहे. मला तरी त्यांच्याबद्दल आदरच वाटतो.

मागे एकदा काय झालं ते सांगतो. एका कारखान्यात (नाव नको) रात्रपाळीला कुणीतरी जळकं तेल भरलेली पिंपं थेट समतोल टाकीत ओतली आणि पंप चालू ठेवला. सकाळी डायजेस्टरवर गेलो तर गॅसचा ढोल खाली बसलेला. आधी सगळ्यांनी पीएच पाहिला. सात. व्हीएफए (छोटी आम्लं) आणि अल्कलिनिटीचं गुणोत्तरही ठीक. कागदावर डायजेस्टर ठणठणीत आणि गॅस मात्र नाही! मग बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या पन्हळीवर टॉर्च मारला. काळा गाळ तरंगत बाहेर चालला होता, आणि त्यात पांढरट, बोटाला मेणचट लागणाऱ्या गुठळ्या. एक गुठळी हातमोज्यावर घेऊन चिरडली. आत काळा गाळ, बाहेरून पांढरं आवरण. जिवाणूंच्या अंगावर त्या लांब आम्लांचा लेप बसला होता. त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं, त्यांच्यापासून गॅस सुटत नव्हता, आणि तेलामुळे हलके झाल्याने ते टाकीतून वाहून जात होते.

पूर्वी अशा वेळी टाकी रिकामी करून नव्याने शेणकाला भरायचे. तेलाची आम्लं म्हणजे या जिवाणूंचं विष, आणि विषबाधा झाली की गाळ मेला, असं १९८०च्या दशकातल्या बऱ्याच अभ्यासांवरून लोक समजून चालले होते. मग पोर्तुगालच्या ब्रागा इथल्या मिन्हो विद्यापीठात मादालेना आल्व्हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. असा लेप बसलेला गाळ घेतला, त्याला नवं अन्न देणं बंद केलं, आणि बाटलीत नुसता ठेवून दिला. सुरुवातीला काहीच नाही. मग हळूहळू गॅस सुटायला लागला. जिवाणू मेलेले नव्हतेच. अंगावर साठलेलं तेच पचवत होते. आणखी एक बारकावा त्यांनी दाखवला: घातलं ओलेइक आम्ल, पण गाळावर साठलेलं सापडलं बहुतांशी पामिटिक. म्हणजे काम अर्ध्यावर येऊन अडलेलं असतं. लेप उतरल्यावर तोच गाळ पुढच्या खेपेला तेल जास्त जोमाने खातो, हेही त्यांना दिसलं. २००४-०५ च्या आसपासचे हे निबंध. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत या विषयात इतकं उपयोगी दुसरं काही झालेलं नाही.

आम्हीही तेच केलं. पंप बंद. बाहेर गेलेला गाळ बसवून परत आत घेतला. टाकी ३५ अंशांवर राखली, आणि वाट बघितली. कारखान्याचं उत्पादन चालू, पाणी साठवायला जागा नाही, वरून दर तासाला फोन. मालकांना समजावणं हे खरं अवघड काम होतं. काही दिवस ढोल हललाच नाही. मग एका संध्याकाळी फ्लेअरच्या नळीवर निळी ज्योत धरली, आणि पुढच्या आठवड्यात ढोल रोज वर चढत गेला, आत एक थेंब नवं पाणी न घालता. त्यानंतर पाणी देताना लंघन सोडणाऱ्या माणसाला आधी पेज देतात तसं केलं: थोडं द्यायचं, गॅस पुरता निघेपर्यंत थांबायचं, मग थोडं वाढवायचं. आता आमच्याकडे हाच नेम आहे. तेल येतं सलग, पण डायजेस्टरला ते टप्प्याटप्प्यानेच जातं. मधल्या थांब्यासाठी मोठी समतोल टाकी हवी, आणि ती बांधायला मालक सर्वांत जास्त कुरकुर करतात. मी मात्र यंत्रांवरचे पैसे कमी करीन पण त्या टाकीत कपात करणार नाही.

मिन्होच्या मंडळींनी पुढे टाकीच उलटी केली. एरवी पाणी खालून येतं, वर जातं, आणि गाळ खाली बसतो असं धरलेलं असतं. तेलकट गाळ तरंगणारच असेल तर तरंगू दे, पाणी वरून खाली सोडू, असा त्यांचा विचार. १५३०-३१ साली पोर्तुगीजांनी आगाशी जाळली हे आपण शाळेत शिकलो. तेव्हा इथे जहाजं बांधली जायची. आज त्याच देशातल्या एका विद्यापीठातलं ज्ञान आमच्या डायजेस्टरला तारतं, हे मला मनापासून बरं वाटतं.

तसा हा उद्योग आपल्या मुंबईलाही नवा नाही. १८९० साली माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम सुरू झाला, आजचं वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय. तिथल्या सांडपाण्याच्या टाक्यांवर १८९७ साली गॅस गोळा करायची सोय केली होती आणि त्या गॅसवर इंजिन चालवलं जायचं, अशी नोंद या विषयाच्या इतिहासात सगळीकडे येते. इंग्लंडात एक्झिटरला डोनाल्ड कॅमरून यांनी सेप्टिक टँक बांधली ती १८९५ च्या सुमारास. म्हणजे मुंबई जगाच्या पाठोपाठ नव्हे, जवळजवळ बरोबरीने होती. पालिकेचे ड्रेनेजचे अभियंते सी. सी. जेम्स यांनी पूर्वेकडच्या शहरांच्या सांडपाण्यावर पुस्तकच लिहिलं. आणि ज्यांचं नाव त्या रुग्णालयाला आहे ते म्युनिसिपल कमिशनर एच. ए. ॲक्वर्थ तुला वेगळ्याच कारणाने ठाऊक असतील: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह काढणारे हेच. तुला पोवाड्यांचं वेड, म्हणून मुद्दाम लिहिलं.

त्या टाक्यांनंतर जवळपास पाऊण शतक हे तंत्र मुख्यतः शेण आणि मैला यांच्यासाठीच राहिलं. खादी ग्रामोद्योगाची तरंगत्या ढोलाची गोबरगॅस टाकी आपण दोघांनी पाहिलीय. कारखान्याच्या पाण्यासाठी या तंत्राला वेग दिला हॉलंडच्या वागेनिंगेनच्या गात्झे लेटिंगा यांनी, १९७० च्या दशकात. बीटाच्या साखरेच्या कारखान्यात पाणी खालून वर सोडताना त्यांना दिसलं की जिवाणू आपणहून एक-दोन मिलिमीटरचे टणक दाणे बांधतात. दाणे जड, म्हणून वाहून जात नाहीत, म्हणून टाकी लहान पुरते. लेटिंगांनी त्याचं पेटंट घेतलं नाही, मुद्दाम. गरीब देशांना ते खुलं राहावं म्हणून. कानपूरच्या जाजमऊपासून आपल्याकडच्या कितीतरी मद्यार्क कारखान्यांपर्यंत जे पसरलं त्यात या एका निर्णयाचा वाटा मोठा आहे. फक्त तेलाचं पाणी या दाण्यांना सोसत नाही, लेप बसला की तेही तरंगतात. म्हणून आधी डॅफ, मग थांबे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण लोक हमखास घोटाळा करतात. मी आतापर्यंत बोललो ते खाण्याच्या तेलाबद्दल. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांमध्ये लेथ आणि मिलिंगची मशीनं चालतात, त्यांचं कूलंट, हायड्रॉलिकचं तेल, गॅरेजचं काळं ऑइल ही वेगळीच जात आहे. ते खनिज तेल. त्याच्या साखळीला प्राणवायूचा अणूच चिकटलेला नसतो, त्यामुळे बिनहवेत सुरुवात कुठून करायची हेच जिवाणूंना कळत नाही. फार काळ शास्त्रज्ञ हे अशक्यच समजत होते. १९९९ साली जर्मन संशोधकांनी दाखवलं की सोळा कार्बनचं हेक्झाडेकेनसुद्धा बिनहवेत मिथेनपर्यंत जातं. पण त्याला लागले महिनोन्‌महिने. शास्त्र म्हणून हे थोर आहे, कारखान्याला त्याचा उपयोग नाही. मशीनचं तेल वेगळं पिंपात धरावं आणि परवाना असलेल्या पुनर्शुद्धीकरणवाल्याकडे पाठवावं, एवढाच त्याचा रस्ता. ते आमच्या डायजेस्टरला चुकूनही येता कामा नये. कूलंटमधली जंतुनाशकं गाळाला खरोखर मारतात, आणि मग कितीही वाट बघून उपयोग नसतो.

आता तू विचारशील, आगाशीत बसून या सगळ्याचा एवढा जीव का जाळतोस? आपली जमीन आठव. वाडीत हातभर खणलं की वाळू. पावसाचं गोडं पाणी त्या वाळूत साठतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून राहतं. आपल्या विहिरी, रहाट, राजेळी केळीच्या बागा, पानवेली, सगळं त्या थरावर उभं आहे. बावखलं, म्हणजे वाडीतली तळी, त्याचसाठी तर होती. पावसाचं पाणी अडवायचं, मुरवायचं, उन्हाळ्यात बागेला द्यायचं. कितीतरी बावखलं भरणी घालून बुजवली गेली. जी उरलीत त्यांच्यासाठी इथली माणसं झटतायत. टँकरवाल्यांनी विहिरी उपसायला सुरुवात केली तेव्हा शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समिती घेऊन उभे राहिले. पुढे ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ च्या जुलैत गेले. त्यांच्यामुळे पाणी किती उपसायचं हा प्रश्न वसईला कळला. पाण्यात काय सोडायचं, हा त्याच्याच जोडीचा प्रश्न अजून म्हणावा तितका बोलला जात नाही.

वाळूत तेल गेलं की पाणी मुरण्याच्या वाटा बुजतात. नाल्यावर तवंग आला की हवा पाण्यात जाणं थांबतं आणि खालचं सगळं काळं, कुजकं होतं. तिथे तेच बिनहवेचं काम सुरू होतं, पण उघड्यावर, दुर्गंधीसकट. त्यातून सुटणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवणारा. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या अडकल्या, तेव्हा नाला, गटार आणि विहीर यांत काही भेद उरला नव्हता. उत्तरेला तारापूरचं पाणी नवापूरला समुद्रात जातं. त्यावर मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ साली हरित लवादाकडे दाद मागितली. मासेमारी करणाऱ्यांना कोर्टाची पायरी चढावी लागते, यातच सगळं आलं.

कायदा आहे. नदी-नाल्यात सोडायचं तर लिटरला १० मिलिग्रॅमहून जास्त तेल नको, गटारात किंवा समुद्रात २०. मोठ्या कारखान्याला हे जमतं, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी येऊन नमुने नेतात. पण दहा बाय वीसच्या गाळ्यात वेफर तळणाऱ्याने काय करावं? त्याला डायजेस्टर परवडत नाही आणि परवडला तरी चालवता येणार नाही. मोजूनमापून, टप्प्याटप्प्याने तेल मिळालं, तरच ते जिवाणू नीट काम करतात. एकट्या गाळ्याचं पाणी आज भरमसाट, उद्या शून्य. म्हणून माझं म्हणणं असं की पंचवीस-तीस गाळ्यांमध्ये मिळून एक टाकी असावी. प्रत्येकाने आपल्या दारात फक्त ऑइल ट्रॅप ठेवायचा आणि तो रोज साफ करायचा. कढईतलं जुनं तेल पाण्यात न ओतता विकायचं. २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २५ टक्क्यांहून जास्त ध्रुवीय संयुगं झालेलं तेल तळायला वापरायला बंदी केलीच आहे, आणि असं तेल बायोडिझेलसाठी घेणारेही आहेत. उरलेलं धुवणाचं पाणी छोट्या टँकरने किंवा नळाने त्या एका टाकीत. सगळ्यांचं मिसळलं की चढउतार आपोआप कमी होतात. निघणारा गॅस कुणाच्या तरी कढईखाली. आपलं हवामान तर या कामाला वरदान आहे. युरोपात टाक्या तापवायला गॅस जाळावा लागतो, इथे बाराही महिने फारसं काही करावं लागत नाही. गाळेवाल्यांच्या संघटनेशी बोलणं चालू आहे. काहींना पटतंय. जागा कोण देणार, यावर घोडं अडलंय.

एकदम कडक नियम लावा आणि उद्यापासून अंमल करा, असं म्हणणाऱ्यांना मी तुझ्या मलेशियाचं उदाहरण देतो. तिथे १९७७ साली पामतेलाच्या गिरण्यांसाठी नियम केले. १९७८ ला बीओडीची (जिवाणूंना घाण खायला लागणाऱ्या प्राणवायूची) मर्यादा ठेवली लिटरला ५,००० मिलिग्रॅम. मग दर वर्षी खाली खाली आणत १९८४ ला ती १०० वर नेली. गिरण्यांना तंत्र शिकायला अवसर मिळाला, आणि पळवाटही राहिली नाही, कारण पुढच्या पायरीची तारीख आधीच ठरलेली होती. तू फोटो काढलास ते तळं त्याच नियमांचं अपत्य आहे. ते अपुरं आहे, गॅस हवेत जातोय, पण त्याआधी ते सगळं पाणी थेट नदीत जात होतं. आमच्या गाळ्यांसाठीही अशाच तारखा ठरवून द्याव्यात, असा अर्ज आम्ही तयार करतोय. मसुदा झाला की तुला पाठवतो, भाषा जरा तपासून दे.

आता तुझ्याकडून एक काम हवंय. तुमच्याकडे बऱ्याच गिरण्यांनी तळ्यांवर प्लॅस्टिकचं जाड आच्छादन घालून गॅस धरायला सुरुवात केलीय. त्या आच्छादनाखाली तेलाचा जो साका जमतो, तो ते कसा काढतात? आच्छादन न उघडता खालून पंपाने ढवळतात, की काही वर्षांनी सगळं उचलून साफ करतात? आमच्या सामाईक टाकीचं झाकण कसं करायचं हे त्यावर ठरेल. ओळखीची गिरणी आहे म्हणालास, तर तिथल्या पाण्याचं काम बघणाऱ्या माणसालाच विचार, मॅनेजरला नको. जमलं तर दोन-तीन फोटो, जोडाजवळचे, आणि काठाशी पाणी बाहेर पडतं तिथलाही एक.

घरी सगळे ठीक. आईचा गुडघा पावसात दुखला, आता बरा आहे. ती तुझी चौकशी करते, तू येशील तेव्हा सुकेळी करून ठेवीन म्हणते. यंदा राजेळीचे लोंगर चांगले आलेत. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आच्छादनाचं तेवढं विसरू नकोस, गाळेवाल्यांची पुढची बैठक दसऱ्यानंतर आहे.

तुझा,
आगाशीचा मित्र